सेलमास्तर आणि साडूची पेटी

सेलमास्तरांचं आणि त्यांच्या साडूचं पटत नव्हतं असं कुणी म्हणालं, तर ते साफ खोटं आहे. पटत होतं की! साडू आले की मास्तर "या, या" म्हणत उठायचे, पंख्याखालची खुर्ची पुढे सरकवायचे, चहात साखर किती ते विचारायचे. फक्त साडू पाठमोरे झाले की मास्तरांच्या पोटात दुखायला लागायचं. बाकी काही तक्रार नव्हती.

आधी मास्तर कोण ते सांगतो. बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका जिन्याखाली त्यांचं दुकान. दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्यानं रस्त्यावरूनच ओरडून बोलायचं. तिथे बसून तीस वर्षं त्यांनी एकच धंदा केला: मेलेल्या बॅटऱ्या उठवायच्या. कॅमेऱ्याच्या, वायरलेसच्या, लॅपटॉपच्या, हातात धरून फिरायच्या कसल्याही यंत्राच्या. कंपनीवाले म्हणायचे फेका, नवी घ्या. मास्तर म्हणायचे आणा इकडे. कवच उघडायचं, आतले दमलेले सेल काढायचे, ताजे बसवायचे, पट्ट्या वेल्ड करायच्या आणि वरून पिवळी टेप गुंडाळायची. चार्जिंगवरचा सेल ते उचलून गालाला लावून बघायचे आणि गाल जे सांगेल ते शेवटचं. गिऱ्हाइकं हसायची, पण दोनदोन वर्षांनी तीच गिऱ्हाइकं परत यायची. सेलमास्तर हे नाव त्यांना गल्लीनंच दिलं आणि पुढे बायकोसुद्धा शेजारणीशी बोलताना "आमचे मास्तर" म्हणायला लागली.

टेपवर त्यांचा भारी जीव. हवा आणि ओल, दोन्ही बॅटरीच्या जिवावर उठलेल्या, असं ते प्रत्येकाला ऐकवायचे. फट दिसली की टेप. भोक दिसलं की टेप. सांध्यावरून एकदा, मग उलट दिशेनं पुन्हा एकदा. घरातल्या रेडिओच्या मागची जाळीसुद्धा त्यांनी एकदा बंद करून टाकली होती, तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, मी जरा गप्प बसले तर माझ्यावरही गुंडाळाल!"

आणि त्यांना एक मुलगी. एकुलती एक. डोंगरांच्या कड्यांना भेगा पडतात, जमीन आतल्या आत सरकते, ते मोजायचं तिचं काम. महिन्यातून एकदा ती आणि तिची एक सोबतीण वर चढायच्या, पत्र्याच्या खोलीत तीन दिवस मुक्काम करायच्या, आणि त्यांचं यंत्र तीन दिवस एका सेकंदाचाही खंड न पडता जमिनीची थरथर टिपत राहायचं. त्या यंत्राला, वायरलेसला आणि लॅपटॉपला लागणारी वीज जायची ती मास्तरांच्या दुकानातून. चार दणकट बॅटऱ्या, मिळून नऊ किलो. पाठपिशवीचे पट्टे आवळताना पोरगी कण्हायची आणि म्हणायची, "बाबा, मी यंत्र नेत नाही हो, मी तुम्हालाच पाठीवर घेऊन डोंगर चढते."

हे वाक्य मास्तरांनी किती जणांना सांगितलं असेल याची गणती नाही. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, नळाच्या माणसाला तर दोनदा. माणसाला आयुष्यात एवढं मिळालं की पुष्कळ झालं, असं त्यांना मनापासून वाटायचं. आणि नेमक्या त्याच जागी साडू आले.

हे धाकटे साडू, म्हणजे मास्तरांच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. एका प्रयोगशाळेत बारा वर्षं हायड्रोजनवर चालणारी छोटी वीजयंत्रं जुळवायचं काम करत होते. फ्युएल सेल म्हणतात त्याला. मास्तरांनी मनातल्या मनात त्यांचं नाव हायड्रोजनराव ठेवलं होतं. अंगानं किडकिडीत, बोलायला हळू, आणि बढाई म्हणाल तर औषधाला नाही. तेच तर दुखणं! माणूस शेखी मिरवणारा असता तर मास्तरांनी त्याला चारचौघांत दोन टोमणे मारून झोप तरी शांत घेतली असती. हा बाबा तर प्रत्येक वेळी विचारायचा, "दादा, तुम्ही हे कसं केलं असतं?" आता अशा माणसाचा राग करायचा तरी कुठे पकडून?

एका रविवारी दोघं नवराबायको जेवायला आले आणि हातपाय धुऊन झाल्यावर साडूंनी पिशवीतून एक पेटी काढून टेबलावर ठेवली. डब्याएवढी. दोन्ही बाजूंना बारीक भोकांच्या रांगा, वर एक हिरवा दिवा.

"ही काय बॅटरी?" मास्तरांनी चष्मा वर करत विचारलं.

"बॅटरी नव्हे, दादा. बॅटरीत वीज भरून न्यावी लागते, ही जागच्या जागी बनवते." साडूंनी एक नळकांडं दाखवलं. "ह्यात भुकटी आहे. तिच्यावर थेंब थेंब पाणी पडलं की हायड्रोजन सुटतो. इकडून हायड्रोजन, बाजूनं हवा. मधे एक पातळ पडदा. वीज मिळते, आणि मागे राहतं काय, तर नुसतं पाणी."

"अगं बाई! पाणी?" मास्तरांची बायको म्हणाली.

"चमचाभर."

"अगं बाई!"

मास्तरांनी मोजलं. त्या जेवणात बायकोनं सात वेळा अगं बाई म्हटलं. तीस वर्षांत त्यांच्या एकाही बॅटरीच्या वाट्याला अगं बाई आलं नव्हतं. यायचं ते "उचला ते पानं वाढायच्या आधी."

"आणि ही एवढी भोकं कशाला, काका?" मुलीनं विचारलं.

"तिला श्वास लागतो गं. हवा आत गेली नाही तर गुदमरून बंद पडेल."

मास्तर तेव्हा पानाकडे बघत होते. आपलं लक्ष नव्हतं असं त्यांनी पुढे स्वतःला पुष्कळदा बजावलं.

मग मुलीनं उठून पेटी उचलली. नळकांड्यांसकट सगळं मिळून साडेतीन किलो. एका हातात. "बाबा, बघा ना! एका हातात!" ती लहान पोरीसारखी हसत होती. तिचा उजवा खांदा गेली दोन वर्षं दुखत होता, रात्री ती शेकत बसायची, हे मास्तरांना काय माहीत नव्हतं? माहीत होतं. खरं तर बाप म्हणून जीव भांड्यात पडायला हवा होता. पण आत काहीतरी असं चरचरलं की त्यांनी ताक मागितलं आणि ते घटाघटा पिऊन टाकलं.

"पुढच्या फेरीला हीच नेते," मुलगी म्हणाली. "चाचणीही होईल. चांगली चालली तर ऑफिस डोंगरावर जाणाऱ्या सगळ्याच तुकड्यांसाठी घेईल. हो ना काका?"

"आधी चालू दे," साडू म्हणाले. आणि मग त्यांनी मास्तरांकडे वळून, अगदी सहज, वर्मावर बोट ठेवलं. "दादा, तुमच्याकडे एक काम होतं. तिच्या यंत्राची पिन आमच्याकडे मिळत नाही. तेवढी तार तुम्ही जोडून द्याल का? तुमच्यासारखा हात प्रयोगशाळेत कुणाचा नाही."

बघा, आता याला काय म्हणायचं? स्तुतीच होती. खरीही होती. पण मास्तरांना वाटलं, झालं, तीस वर्षांचे मास्तर आता हायड्रोजनरावांच्या पेटीला शेपूट लावून देणारे झाले. "देतो की," ते म्हणाले. "त्यात काय मोठंसं."

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी पेटी पुढ्यात घेतली. तारेचं टोक आतून जोडायचं म्हणून वरचं झाकण काढलं. आत एकावर एक पातळ चकत्या रचलेल्या, कडा कशा एकसारख्या, कुठे डाग नाही, डिंक नाही. मास्तर किती तरी वेळ बघतच राहिले. चांगलं काम त्यांना कळत नाही असं थोडंच होतं! उलट त्यांच्याइतकं ते त्या घरात कुणालाच कळत नव्हतं, आणि म्हणूनच त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. पिन जोडली. कथलाचा डाग असा दिला की आरशासारखा चमकावा. मग हात टेपकडे गेला.

हात गेला, असंच म्हणावं लागेल. मास्तर तेव्हा रस्त्यावरच्या हातगाडीकडे बघत होते. तारेच्या सांध्यावर टेप बसली. मग जाळीच्या मागून, आतल्या अंगानं, भोकांच्या रांगांवर बसली. एकदा, आणि उलट दिशेनं पुन्हा एकदा. धूळ जाईल ना आत, डोंगरावर ओल केवढी असते. खालची एक रांग तेवढी राहिली, तिथे बोट पोचत नव्हतं. झाकण बसवलं. एक छोटा दिवा जोडून पाहिला, लागला. पेटी कापडानं पुसून त्यांनी फळीवर ठेवली आणि चहा सांगितला.

निघायच्या सकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, एक छोटी बॅटरी द्या ना बरोबर. पहिलीच खेप आहे, असू दे अडीनडीला."

दुकानात अशा चार तयार होत्या. एक तर घरातच, कपाटावर होती.

"का बरं?" मास्तर म्हणाले. "काकांवर विश्वास नाही वाटतं?"

"तसं नाही हो..."

"मग ने की त्यांचंच. माझं ओझं कशाला उगीच पाठीवर."

मुलीनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, द्या की ती मागतेय तर." मास्तरांनी पेपर उघडला. मुलगी गेली. पाठपिशवी अशी हलकी की तिनं पट्टे आवळलेसुद्धा नाहीत, नुसती खांद्यावर टाकली.

ठरलेलं असं होतं की वर पोचल्यावर रोज संध्याकाळी पाच वाजता वायरलेसवरून ऑफिसला निरोप द्यायचा आणि ऑफिसनं घरी कळवायचं. पहिल्या दिवशी निरोप आला. दुसऱ्या दिवशी पाच वाजले, साडेपाच झाले. सहाला ऑफिसातून फोन आला: निरोप नाही, वायरलेस बंद दिसतंय, काळजी करू नका, उजाडलं की माणसं पाठवतो.

काळजी करू नका म्हणे! बायकोनं आधी बहिणीला फोन लावला आणि मग देव पाण्यात घालायचेच काय ते बाकी ठेवले. मास्तर खुर्चीत बसून होते. आणि आता जे सांगतो ते ऐकून तुम्ही त्यांना काय वाटेल ते म्हणा, पण झालं ते असं की त्यांना आधी आनंद झाला. बंद पडली! हायड्रोजनरावांची पेटी बंद पडली! चांगला घोटभर आनंद. तो खाली उतरतो न उतरतो तोच त्यांच्या डोळ्यांसमोर पोरगी आली, वर पत्र्याच्या खोलीत, मुक्या वायरलेसपुढे. त्यांनी कपाटावरची ती छोटी बॅटरी काढली, मांडीवर घेतली, परत वर ठेवली. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरी सुखरूप खाली आल्या. पाठवलेली माणसं अर्ध्या वाटेवर भेटली. धाप, चिखल, ओरखडे, बाकी काही नाही. पण तीन दिवसांची अखंड नोंद हुकली. आणि पेटी बंद पडली त्याच रात्री वर जमीन थरथरली होती, दोन वर्षांत पहिल्यांदाच एवढी. पायाखाली जाणवली, पोरगी म्हणाली, आणि यंत्र दगडासारखं पडून होतं. ती रडली नाही. ती चिडली की रडत नाही, भांडी घासायला घेते. त्या दिवशी तिनं घासलेली भांडीसुद्धा परत घासली.

संध्याकाळी साडू आले. बरोबर मावशी. साडूंचं तोंड एवढंसं झालं होतं.

"काका, मी तुमच्यावर विश्वास ठेवला," मुलगी स्वयंपाकघरातूनच म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "बाबांच्या बॅटऱ्या जड आहेत, पण एकदाही दगा दिला नाही त्यांनी."

मास्तरांनी हे ऐकलं. याच्यासाठीच तर जीव जळत होता ना गेले कित्येक दिवस? मग घ्या! कानांत साठवून घ्या! पण मास्तरांचं सगळं लक्ष पेटीच्या झाकणावर होतं.

साडूंनी पेटी टेबलावर घेतली, झाकण काढलं आणि हात थांबले. मास्तर समोरच बसलेले. जाळीच्या मागे पिवळी टेप, एकदा अशी, उलट दिशेनं एकदा. त्या शहरात असे वेढे देणारा माणूस एकच. साडूंनी मान वर करून मास्तरांकडे पाहिलं. एकदाच. मग पाठ सगळ्यांकडे येईल असे वळले, नखानं टेप सोडवली, चुरगाळली आणि खिशात घातली.

"सील गळत होतं," ते म्हणाले. "हायड्रोजन निसटला सगळा. चूक माझीच आहे, बाळा. मी नीट तपासायला हवं होतं."

"मग चाचणी?" मावशीनं विचारलं.

"चाचणी गेली. सांगतो उद्या साहेबांना, माझ्याकडून राहिलं म्हणून."

सुटले की हो मास्तर! कुणाला काही कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. दुसरा कुणी असता तर मूग गिळून बसला असता आणि वर साडूंच्या पाठीवर हात ठेवून "होतं असं" म्हणाला असता. मास्तरही गप्प बसणारच होते. पण बायको साडूंकडे बघत होती. त्या नजरेत जे होतं ते मास्तरांना दिसलं. चूक झाली तर ती अशी कबूल करणारा माणूस, असं ती नजर म्हणत होती. आणि मास्तरांना ते सोसवलं नाही. हलकी पेटी बनवून झाली, सात अगं बाई झाले, पोरीचा खांदा झाला, आणि आता मोठेपणातही हाच पुढे? माझ्याच टेपवर उभा राहून?

"टेप मी लावली," मास्तर ओरडले.

कुणालाच काही समजेना. "कसली टेप?" बायको म्हणाली.

"त्यांच्या खिशात बघा! भोकं मी बंद केली. सील बील काही गळत नव्हतं."

मुलगी ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. साडूंनी घाईघाईनं हात वर केला. "अहो दादा, सवयीनं झालं असेल. तीस वर्षांची सवय आहे हाताला. मीच सांगायला हवं होतं नीट..."

झालं! पुन्हा तेच! पुन्हा यांनीच माफ करायचं! मास्तर ताडकन उठले.

"सवयीनं नाही!" ते म्हणाले. "सांगितलं होतं तुम्ही. श्वास लागतो म्हणून सांगितलं होतं, ह्याच टेबलावर. मी ऐकलं होतं."

हे ते निव्वळ जिरवायला म्हणाले. साडूंनी दिलेली माफी त्यांच्या तोंडावर परत फेकायला म्हणाले. पण शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मास्तरांना कळलं की ते खरं आहे. ऐकलं होतं. हातगाडीकडे बघत होते तेव्हाही कानात तेच होतं. ते मटकन खाली बसले.

मावशीनं पदराशी चाळा केला. मुलीनं एकच विचारलं.

"आणि म्हणून छोटी बॅटरी दिली नाहीत?"

मास्तरांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मुलगी आत गेली आणि नळ सुटल्याचा आवाज आला.

तिनं अबोला धरला असता तर बरं झालं असतं. तिनं तसं काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी चहा दिला, आठवड्याभरात चेष्टाही केली. ऑफिसात स्वतः जाऊन तिनं साडूंच्या पेटीला दुसरी चाचणी मिळवून दिली, आणि काय झालं होतं ते विचारल्यावर "वापरताना आमच्याकडून चूक झाली" असं सांगितलं. आमच्याकडून. मास्तरांना हे बायकोकडून कळलं.

महिन्यानं ती पुन्हा निघाली. साडूंची पेटी घेऊन. मास्तर आदल्या दिवशी दुकानात बसून होते आणि त्यांनी जन्मात केली नसेल अशी एक छोटी बॅटरी केली. नवे सेल, निवडून घेतलेले, प्रत्येक गालाला दोनदा लावलेला. वजन जेमतेम पाव किलो. सकाळी दारात त्यांनी ती पुढे केली.

"असू दे," ते म्हणाले. "अडीनडीला."

"द्या ना," मुलगी म्हणाली. तिनं बॅटरी घेतली. मग पाठपिशवी खाली ठेवली, बाहेरच्या कप्प्यातून मीटर काढलं, त्याच्या दोन्ही सुया बॅटरीला लावल्या आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबली. मास्तर समोर उभे होते. तिनं आकडा वाचला, मीटर बंद केलं, बॅटरी पिशवीत ठेवली.

"बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली. "येते."